परीक्षानळीत मेलेला विषाणू

काळा मसाला असो की मालवणी, त्यात चक्रीफूल पडतंच. तपकिरी, वाळलेलं, साधारण आठ पाकळ्यांचं, आणि प्रत्येक पाकळीच्या खोबणीत एक चकचकीत बी. हे झाड आपल्याकडचं नाही. दक्षिण चीनचा क्वांगशी प्रांत आणि त्याच्या शेजारचा व्हिएतनामचा डोंगराळ पट्टा, मुख्यतः इथूनच ते जगभर जातं. २००५ साली या मसाल्याच्या जिनसेकडे अचानक सरकारांचं लक्ष गेलं. आशियात बर्ड फ्लू पसरत होता, तो माणसांत पसरला तर काय, या धास्तीनं देशोदेशीची आरोग्य खाती टॅमिफ्लू या गोळीचे साठे करू लागली होती. ती गोळी बनवणाऱ्या रोश कंपनीला कच्चा माल लागत होता तो चक्रीफुलातून. फळाचे भाव कडाडले आणि चिनी पिकाचा मोठा हिस्सा औषधाच्या कारखान्यांकडे वळला.

चार वर्षांनी, ऑगस्ट २००९ मध्ये, स्वाइन फ्लूनं भारतातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा टॅमिफ्लू हे नाव आपल्याकडे रिक्षावाल्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सर्वांच्या तोंडी झालं. शाळा बंद, चित्रपटगृहं बंद, मास्कचा काळाबाजार, आणि हातरुमालात बांधलेली कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. या धामधुमीत एक बातमी कानोकानी फिरू लागली: टॅमिफ्लू चक्रीफुलापासून बनतं, मग गोळीच्या रांगेत कशाला उभं राहायचं, चक्रीफुलाचा काढाच घ्यावा की!

बातमीचा पहिला भाग खरा होता. दुसरा साफ चुकीचा, आणि तो का चुकीचा हे समजून घेतलं की वनस्पती आणि विषाणू यांच्या नात्यातला निम्मा गोंधळ मिटतो.

चक्रीफुलात शिकिमिक आम्ल असतं. वाळलेल्या फळात काही टक्के, म्हणजे वनस्पतींच्या मानानं भरपूर. जपानमध्ये काम करणारा डच रसायनज्ञ योहान आइकमन यानं १८८५ साली ते प्रथम वेगळं केलं, तेही चक्रीफुलाच्या जपानी भावंडातून. हे भावंड विषारी आहे. जपानी लोक ते देवळाच्या आवारात आणि थडग्यांपाशी लावतात, स्वयंपाकात चुकूनही घालत नाहीत. वाळल्यावर दोन्ही फळं इतकी सारखी दिसतात की भेसळ ओळखणं कठीण. चक्रीफुलाचा चहा पाजल्यानं तान्ह्या बाळांना झटके आल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून २००३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला असा चहा पिऊ नका, असा इशारा द्यावा लागला होता.

शिकिमिक आम्ल फ्लूच्या विषाणूचं काहीही वाकडं करत नाही. वनस्पती ते बनवतात ते काही अमिनो आम्लं तयार करण्याच्या वाटेवरचा एक टप्पा म्हणून. जिवाणू आणि बुरशीही बनवतात, प्राणी बनवत नाहीत. मग औषधवाल्यांना ते कशासाठी हवं होतं? त्यासाठी थोडं ऑस्ट्रेलियात जावं लागतं. फ्लूचा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या सायलिक आम्लाला चिकटून आत शिरतो. आत त्याच्या प्रती तयार होतात आणि बाहेर पडताना त्याच सायलिक आम्लाला अडकून बसतात. ही अडकण तोडण्यासाठी विषाणूकडे न्यूरामिनिडेज नावाचं विकर असतं. १९८३ साली ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन, होजे वर्गीस आणि ग्रेम लेव्हर यांनी या विकराची त्रिमितीय रचना शोधून काढली. त्यात एक खोबण दिसली, आणि विषाणू कितीही रूप बदलो, ही खोबण जवळपास तशीच राहते हेही दिसलं. या खोबणीत बसून ती बुजवून टाकेल असा रेणू घडवायचा, असं मग रसायनज्ञांनी ठरवलं. आधी झॅनामिव्हिर आलं, ते तोंडावाटे श्वासात ओढायचं. मग कॅलिफोर्नियातल्या गिलियड कंपनीनं गिळता येईल असं ऑसेल्टामिव्हिर घडवलं. तेच टॅमिफ्लू. १९९९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

या रेणूच्या मध्यभागी सहा कार्बनचं कडं आहे आणि त्याला जोडलेले गट ठरावीक बाजूलाच असावे लागतात, डाव्याचं उजवं झालेलं चालत नाही. असं कडं शून्यापासून रचणं महाग आणि कटकटीचं. शिकिमिक आम्लात ते आयतं मिळतं. गिलियडनं सुरुवात केली होती सिंकोनाच्या सालीतल्या क्विनिक आम्लापासून, म्हणजे ज्या झाडानं क्विनीन दिलं त्याच झाडापासून. पुढे चक्रीफूल सोयीचं ठरलं. आम्लापासून गोळीपर्यंत रासायनिक क्रियांची लांबलचक साखळी आहे, आणि तिच्यातला एक टप्पा स्फोटक रसायनांचा असल्यानं तो हाताळायला खास कारखाने लागतात. पंढरपूरकडच्या भोपळ्यापासून मिरजेत सतार होते, म्हणून भोपळा छेडला तर यमन वाजत नाही. आता तर शिकिमिक आम्ल जनुकबदल केलेल्या जिवाणूंना साखर खाऊ घालूनही मिळवता येतं. म्हणजे ज्या झाडाच्या नावानं काढे उकळले गेले, त्या झाडाची गरजही पूर्वीइतकी उरलेली नाही.

टॅमिफ्लूचंही फार कौतुक करायला नको. २०१४ साली कोक्रेन या संस्थेनं सगळ्या चाचण्यांचे मूळ अहवाल मिळवून तपासले. प्रौढांत फ्लूची लक्षणं सरासरी सात दिवसांऐवजी ६.३ दिवस टिकतात, एवढाच फरक त्यात दिसला. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या मुख्य यादीतून हे औषध पूरक यादीत उतरवलं. इतक्या नेमकेपणानं, विषाणूचा नकाशा समोर ठेवून घडवलेल्या गोळीची ही गत असेल, तर उकळत्या पाण्यातल्या पाल्याकडून आपण किती अपेक्षा ठेवायची?

मग वनस्पतीतला रेणू जसाच्या तसा विषाणूविरुद्ध चालतच नाही का? चालतो. त्यातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट बोर्निओ बेटावरची आहे.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात एड्सवर एझेडटी हे एकच औषध हाताशी होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं उष्ण कटिबंधातल्या जंगलांतून हजारो वनस्पतींचे नमुने गोळा करायला घेतले होते आणि कर्करोगाबरोबरच एचआयव्हीविरुद्धही ते तपासले जात होते. या मोहिमेसाठी जॉन बर्ली या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९८७ साली मलेशियाच्या सारावाक राज्यात लुंडू गावाजवळच्या दलदलीच्या जंगलातून एका झाडाची पानं, फांद्या आणली. उंडीच्या कुळातलं झाड. कोकणच्या किनाऱ्यावर ज्या उंडीच्या बियांचं कडू तेल लोक दिव्याला जाळत आले, तिची ही सारावाकी बहीण. प्रयोगशाळेत तिच्या अर्कानं एचआयव्हीची लागण झालेल्या पेशी वाचवल्या. अर्कातला कामाचा रेणू वेगळा काढण्यात आला आणि त्याला कॅलानोलाइड-ए हे नाव मिळालं. विषाणू आपल्या आरएनएची डीएनए नक्कल ज्या विकराकडून करून घेतो, ते विकर हा रेणू बंद पाडतो. त्या वेळच्या काही औषधांना दाद न देणाऱ्या विषाणूंवरही तो चालत होता.

जास्त माल हवा म्हणून लोक पुन्हा लुंडूला गेले, तर झाड जागेवर नव्हतं. कोणीतरी तोडलं होतं. आसपासच्या त्याच जातीच्या झाडांचे नमुने आणले, त्यांत तो रेणू पुरेसा सापडेना. यात आश्चर्य नाही. एकाच जातीच्या दोन झाडांत, एकाच झाडाच्या पावसाळी आणि उन्हाळी पानांत रसायनांचं प्रमाण वेगळं असतं. अमुक चमचे रस घ्या असं सांगताना हे कोणी लक्षात घेत नाही. शेवटी दुसऱ्या एका जातीच्या चिकात थोडा सौम्य पण कामाचा नातेवाईक रेणू मिळाला. चीक झाड न तोडता काढता येतो. तोडलेल्या झाडाच्या जातीची झाडंही नंतर सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात सापडली. दरम्यान इलिनॉयच्या एका कंपनीनं कॅलानोलाइड प्रयोगशाळेत बनवलं, आणि १९९६ साली सारावाक सरकारबरोबर तिनं भागीदारीत कंपनी काढली. जंगल ज्याचं त्याला नफ्यातला वाटा, ही तेव्हा नवी गोष्ट होती आणि त्यासाठी सारावाकचं कौतुक करायला हवं.

आपल्या उंडीचीही तपासणी झाली. तिच्यातल्या इनोफायलम गटाच्या रेणूंवरचा १९९३ सालचा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. अमेरिकेत काम करणाऱ्या त्या चमूच्या यादीत पहिलं नाव ए. डी. पाटील असं आहे. (उंडी मात्र मलेशियातली होती.) पण यातलं काहीच औषधाच्या दुकानापर्यंत पोचलं नाही. कॅलानोलाइडच्या सुरुवातीच्या मानवी चाचण्या झाल्या, गंभीर विषबाधा दिसली नाही. पण तोवर त्याच पद्धतीनं काम करणारी नेव्हिरापीन आणि एफाव्हिरेन्झ बाजारात येऊन रुजली होती. औषधाच्या शर्यतीत नुसतं गुणी असून भागत नाही, वेळेवर पोचावं लागतं.

इथे एक मूलभूत प्रश्न विचारायला हवा, जो सहसा विचारला जात नाही. वनस्पतीत माणसाच्या विषाणूंविरुद्ध औषध असावं तरी का? पेनिसिलिन बुरशीनं बनवलं ते शेजारच्या जिवाणूंशी झगडायला, त्यामुळे ते जिवाणूंवर चाललं. वनस्पतींची कडू, तिखट, तुरट रसायनं ही प्रामुख्यानं अळ्या, बुरशी, जिवाणू आणि चरणारी जनावरं यांच्या बंदोबस्तासाठी असतात. विषाणू वनस्पतींनाही छळतात. पपईवरचा रिंगस्पॉट किंवा केळीचा पर्णगुच्छ आपल्या शेतकऱ्याला चांगलाच ठाऊक आहे. पण त्यांच्याशी लढण्याचं वनस्पतींचं मुख्य हत्यार रसायनांचं नाहीच. त्या विषाणूचा आरएनए ओळखतात आणि त्याचे तुकडे करतात. हे हत्यार काढ्यात उतरत नाही. म्हणजे वनस्पतीतला एखादा रेणू एचआयव्हीच्या विकरात नेमका बसला तर तो योगायोग आहे. योगायोग घडतात, रेणूंचं भांडार अफाट असल्यानं बरेचदा घडतात, पण त्यांच्यामागे निसर्गाची काही योजना नसते.

असे योगायोग शोधायचे प्रयत्न आपल्याकडेही झाले आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं १९६०च्या दशकात भारतीय वनस्पतींची पद्धतशीर छाननी सुरू केली. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या भागातच २८५ वनस्पतींचे अर्क तपासले होते आणि तपासण्यांच्या यादीत विषाणूही होते, त्यात कोंबड्यांना होणाऱ्या राणीखेतचा विषाणू. तेव्हापासून आजवर जगभरात असे हजारो शोधनिबंध निघाले. तुळस, कडुनिंब, आलं, लसूण, डाळिंबाची साल, काहीही घ्या, कोणत्या ना कोणत्या विषाणूवर ते ‘प्रभावी’ ठरल्याचा निबंध मिळेलच.

इतकं प्रभावी असून औषधं का नाहीत? कारण परीक्षानळीत विषाणू मारणं फार सोपं आहे. साबणानं मरतो, दारूनं मरतो, लिंबाच्या रसानंही मरू शकतो. प्रश्न असतो तो पेशीला धक्का न लावता मारण्याचा, आणि त्याहीपुढे तेवढी मात्रा माणसाच्या रक्तात टिकवण्याचा. वनस्पतींतली टॅनिनं दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात, म्हणून जवळपास प्रत्येक तपासणीत गुणकारी दिसतात. अमेरिकी कर्करोग संस्थेनं तर एचआयव्हीच्या तपासणीआधी अर्कातून टॅनिनं काढून टाकायची पद्धत ठेवली होती, नाहीतर हिरडा-बाभळीपासून चहापर्यंत सगळंच एड्सचं औषध ठरलं असतं. हळदीतल्या कर्क्युमिनचं दुखणं याहून वेगळं आहे. ते स्वतः चमकतं, चटकन विघटित होतं आणि भलत्याच प्रथिनांशी क्रिया करतं. त्यामुळे तपासणीचं यंत्रच फसतं. शिवाय पोटात घेतल्यावर रक्तात जेमतेम उतरतं. २०१७ साली औषधरसायनज्ञांनी कर्क्युमिनवरचं सगळं साहित्य चाळून हे स्पष्ट मांडलं, तेव्हा आपल्याकडे अनेकांना ते झोंबलं. हळद भाजीत घालावी, जखमेवर लावावी. पण विषाणूवरचं औषध म्हणून तिच्यावर भिस्त ठेवावी असा पुरावा नाही.

ज्येष्ठमधाचं उदाहरण आकड्यांसकट बघण्यासारखं आहे. २००३ साली सार्सची साथ आली, तेव्हा फ्रँकफर्टच्या शास्त्रज्ञांनी ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिननं सार्सचा विषाणू रोखला जातो असं दाखवलं. लॅन्सेटसारख्या मातब्बर नियतकालिकात ते छापून आलं. फक्त, विषाणूची वाढ निम्म्यावर आणायला एका लिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन लागलं. ज्येष्ठमधाची कांडी चघळून रक्तात एवढी पातळी गाठणं अशक्य आहे, आणि जास्त खाल्लं तर शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. कोव्हिडच्या काळात हाच निबंध काढ्याच्या जाहिरातींना बळ देत फिरला. त्यातला आकडा मात्र कोणी छापला नाही.

परीक्षानळीतून माणसापर्यंत आल्यावरही फसगत होते. किराईत ही कडूजहर वनस्पती कोकणात तापावर दिली जाते, थायलंडमध्येही दिली जाते. डिसेंबर २०२० मध्ये थाय सरकारनं सौम्य कोव्हिडवर तिच्या अर्काच्या प्रायोगिक वापराला परवानगी दिली. पुढच्या वर्षी तिथल्या एका चाचणीचा निबंध छाननीआधी प्रसिद्ध झाला: अर्क घेतलेल्या २९ जणांपैकी एकालाही न्युमोनिया झाला नाही, न घेतलेल्या २८ पैकी तिघांना झाला. बातम्या आल्या, मागणी वाढली. मग लेखकांनी स्वतःच निबंध मागे घेतला. गणितात चूक होती. शून्य आणि तीन यांच्यातला फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो, आणि तशी शक्यता त्यांनी दाखवली होती त्याहून बरीच जास्त निघाली. चूक कबूल केली हे चांगलंच झालं, पण निबंध मागे घेतल्याची बातमी मूळ बातमीइतकी कधीच पसरत नाही. आपल्याकडे गुळवेलीचं तसंच झालं. कोव्हिडकाळात ती घरोघरी रोज प्यायली जाऊ लागली, आणि २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं या नोंदीवर हरकत घेतली. वाद काही असो, झाडाचं आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, ही समजूत तरी सोडायला हरकत नाही.

विषाणूजन्य आजारावर वनस्पतीतून जवळपास थेट आलेली आणि नियामकांनी मान्य केलेली औषधं अगदी मोजकी. हिमालयातल्या बनककडीच्या मुळांतही असणारं पोडोफायलोटॉक्सिन आणि हिरव्या चहाच्या पानांतले कॅटेचिन ही त्यांतली दोन. चहाचं मलम २००६ साली अमेरिकेत मान्य झालं. दोन्ही गुप्तांगावरच्या विषाणूजन्य चामखिळींवर वरून लावायची आहेत. वरून लावल्यानं पचन, यकृत, रक्तातली पातळी या सगळ्या अडथळ्यांना बगल मिळते. पोडोफायलोटॉक्सिन तर विषाणूला मारतही नाही, पेशींचं विभाजन थांबवतं, आणि पोटात गेलं तर ते विष आहे.

आता भुईआवळी. पावसाळ्यात कुंडीत, अंगणात, फरशीच्या फटीत ती आपसूक उगवते. पानांची फांदी उलटी करून पाहिली तर खालच्या बाजूनं राईएवढी हिरवी फळं एका ओळीत टांगलेली दिसतात. काविळीवर तिचा रस देण्याची रीत देशभर आहे. १९८८ साली मद्रासच्या एस. पी. त्यागराजन यांनी हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीरात वागवणाऱ्या लोकांना तिच्या पावडरीच्या कॅप्सूल तीस दिवस दिल्या. औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, नुसती बनावट कॅप्सूल घेतलेल्या २३ पैकी फक्त एकाच्या. निबंध लॅन्सेटमध्ये आला आणि सहलेखक होते बारुख ब्लूमबर्ग, हिपॅटायटिस-बीचा विषाणू शोधून १९७६ साली नोबेल मिळवणारे. याहून मोठी शिफारस कोणती असणार? देशी औषध, भारतीय संशोधक, आणि आकडे डोळे दिपवणारे.

पण गट लहान आणि असमान होते, आणि रक्त तपासलं गेलं होतं उपचार संपल्यावर १५ ते २० दिवसांनी. इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला. १९९०मध्ये थायलंडमधून निकाल आला: परिणाम नाही. आणखीही चाचण्या झाल्या. २०११ साली कोक्रेननं सगळ्यांचा आढावा घेतला आणि भुईआवळीनं हिपॅटायटिस-बी बरा होतो याला भरवशाचा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला.

मग पिढ्यान्‌पिढ्या लोकांना गुण कसा येत आला? पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक हिपॅटायटिस-ए किंवा ई असते. इचलकरंजीत २०१२ साली झालेली मोठी साथ हिपॅटायटिस-ईची होती. या दोन्ही काविळी बहुतेक धडधाकट माणसांत काही आठवड्यांत आपल्या आपण उतरतात (गरोदरपणात मात्र ई जिवावर बेतू शकतो). त्या काळात रस प्यायला, कानात तेल घातलं, गळ्यात माळ बांधली, श्रेय कोणालाही मिळतं. हिपॅटायटिस-बीचं तसं नाही. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि शेवटी यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग करू शकतो. काविळीचा पिवळेपणा उतरला म्हणून रस लागू पडला असं मानून घरी बसलेला माणूस नेमका इथे फसतो.

ज्या ब्लूमबर्ग यांचं नाव भुईआवळीच्या निबंधावर आहे, त्यांनीच सहकारी अर्व्हिंग मिलमन यांच्यासह १९६९ साली हिपॅटायटिस-बीवरच्या लसीची पद्धत शोधली होती, आणि या रोगावरची लस आज जगभर दिली जाते. म्हणून एवढं करा. कावीळ झाली तर ती कोणती आहे हे आधी रक्त तपासून घ्या. जो काही पाला, चूर्ण किंवा काढा चालू असेल, तो डॉक्टरांना न लाजता सांगा. घरात बाळ जन्मलं तर पहिल्या २४ तासांत त्याला हिपॅटायटिस-बीची लस मिळाली की नाही, ते स्वतः विचारून खात्री करा. आणि तपासणीत हिपॅटायटिस-बी निघालाच, तर त्याला आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि या गोळ्या सरकारी रुग्णालयांत मोफत देण्याची सोय आहे.